फोटोपुरते गाल

आपल्या घराण्यात आजवर बरीच माणसं गेली, कुणी सावकाश, कुणी घाईघाईत. पण जाण्याची तयारी म्हणून आधी गाल घट्ट करून घेणारी बाई एकच झाली, आणि ती म्हणजे तुमची आत्याआजी. तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, माझी नणंद. लग्न झाल्या दिवसापासून मी त्यांना 'वन्सं' म्हणत आले आहे. तुम्हाला त्या आठवत असतील तर गेल्या खेपेच्या गुळाच्या ढेपेमुळे. तुमच्या विमानाच्या बॅगेत मी मापून लावलेल्या कपड्यांच्या घड्या विस्कटून ती ढेप त्यांनीच कोंबली होती. हे सगळं मी इंग्रजीत लिहावं असा तुमच्या आईचा आग्रह होता, आणि मला ते जमलंही असतं. पण वन्संचं बोलणं इंग्रजीत बसत नाही. बसवलं तर त्या एखाद्या मिशनच्या शाळेतल्या मुख्याध्यापिका वाटायला लागतात, आणि तो त्यांच्यावर अन्याय होईल. तेव्हा सावकाश वाचा, अडलं तर बाबांना विचारा.

वन्संना ऐनवेळी काही करणं माहीत नाही. श्रीगोंद्याहून नगरला यायचं तर ज्या बसनं यायचं तिच्या आधीची बस सुटायच्या आत त्या स्टँडवर हजर असतात, आणि ती रिकामी असली तरी तिच्यात बसत नाहीत, कारण "आपली ही न्हाई." थोरल्या मुलाचं लग्न ठरायच्या आत त्यांनी नातवंडाच्या पायातले चांदीचे वाळे करून ठेवले होते. दाजींच्या, म्हणजे त्यांच्या यजमानांच्या, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जाताना त्यांनी उशी, चटई, थर्मास आणि ऑपरेशन नीट झाल्यावर फोडायचा नारळ एवढं बरोबर नेलं, आणि नारळ आधी फुटला तर काय म्हणून आणखी एक नारळ. शिस्त मलाही प्रिय आहे, तुम्ही माझी कपाटं पाहिली आहेत. पण माझी शिस्त कपाटाच्या दारापाशी संपते. वन्संची थेट परलोकापर्यंत जाते.

दुसरी गोष्ट त्यांचं हसणं. वन्सं एकट्या तोंडानं हसत नाहीत, सगळ्या अंगानं हसतात, आणि हसताना त्यांना धरायला कुणाचा तरी खांदा लागतो. शेजारी जो असेल त्याच्या खांद्यावर त्यांचा हात धप्पकन पडतो आणि हसू ओसरेपर्यंत तिथंच राहतो. एकदा एका कीर्तनात हा हात एका अनोळखी बाईच्या खांद्यावर पडला. त्या बाईंनी आधी रागानं पाहिलं आणि मग त्याही हसायला लागल्या. बुवांनी कीर्तन थांबवून विचारलं, "माउली, विनोद मी केला की तुम्ही?" माझा डावा खांदा उजव्यापेक्षा जरा उतरलेला आहे असं डॉक्टर म्हणतात. ते वयाचं कारण सांगतात. खरं कारण मला ठाऊक आहे.

आता फ्लेक्सचं सांगायला हवं. तुमच्याकडे माणूस गेला की वर्तमानपत्रात चार ओळी येत असतील. आमच्याकडे चौकात फ्लेक्स लागतो. दारापेक्षा मोठा फलक, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मध्ये गेलेल्या माणसाचा फोटो, छापलेला हार, दोन्ही बाजूंना छापलेल्या समया आणि खाली शोकाकुल म्हणून गावातल्या पुढाऱ्यांची ओळ. वन्सं या फ्लेक्सांच्या मोठ्या परीक्षक. रिक्षा थांबवून त्या फ्लेक्स बघत आणि निकाल देत. "ह्येला गॉगल घालून पाठिवलंय, वर काय ऊन हाय का?" किंवा, "खाली पुढारी बघा केवढाले, आन् गेलेला मानूस अंगठ्याएवढा. गेलंय नेमकं कोन, त्येच कळंना." तोवर हा सगळा दुसऱ्यांच्या मरणाचा विषय होता. मग त्यांच्या थोरल्या जाऊबाई वारल्या. घरच्यांना घाईत फोटो सापडेना. शेवटी एका लग्नातल्या घोळक्यातून जाऊबाईंना कापून काढलं. डोळे अर्धे मिटलेले, तोंडात बहुतेक जिलेबी, आणि खांद्यावर कुणाचा तरी हात. माणूस कापला गेला होता, हात तेवढा राहिला होता. तेराव्यापर्यंत तो फ्लेक्स चौकात होता आणि भाजीला जाताना-येताना वन्सं त्याच्यासमोर उभ्या राहत होत्या. मला म्हणाल्या, "वहिनी, उभ्या जन्मात जाऊबाई अशा दिसल्या न्हाईत. आता गावाला ह्याच ध्यानात ऱ्हानार. आन् त्यो हात कुनाचा, त्ये कुनालाच म्हाईत न्हाई."

हे त्यांना इतकं का लागलं, ते तुम्ही न विचारता सांगते. आपल्या हॉलमध्ये ज्या पणजीच्या तसबिरीला तुम्ही लहानपणी नमस्कार करायचात, ती तुमची पणजी नव्हे. वन्सं पाळण्यात असतानाच माझ्या सासूबाई गेल्या आणि त्यांचा एकही फोटो नव्हता. मग सासऱ्यांनी सासूबाईंच्या बहिणीला बसवून चित्रकाराकडून तसबीर करून घेतली. चेहरा मावशीचा, नथ उसनी, लुगड्याचा रंग चित्रकाराच्या मनातला. वन्सं जन्मभर आईला म्हणून मावशीला हात जोडत आल्या. "आई कशी दिसायची त्ये मला ठावं न्हाई," एवढंच एकदा म्हणाल्या होत्या, आणि लगेच शेंगा निवडायला लागल्या होत्या. आपल्या नातवंडांना आपला चेहरा तरी धड मिळावा, हे त्यांनी मनाशी धरलं ते तेव्हापासून असावं. आणि मनाशी धरलं म्हणजे तयारीला लागणं आलं.

राहात्याला एका लग्नात त्यांना एक बाई भेटल्या. वय वन्संच्याच आसपास, पण हनुवटीखाली काही लोंबत नव्हतं. लोक अशा गोष्टी चोरून बघतात. वन्संनी सरळ बोट लावून विचारलं. त्या बाईंनी सांगितलं की रेडिओफ्रिक्वेन्सी नावाची ट्रीटमेंट असते, सुई नाही, कापाकापी नाही, नगरमध्ये होते. दुसऱ्याच दिवशी वन्सं माझ्या दारात. "वहिनी, तुमी इंग्रजी शिकलेल्या. तुमी संगं चला, मला कुनी फसवाय नको." मी म्हटलं, "वन्सं, खरा चेहरा मागं राहावा म्हणून तुम्ही आहे तो चेहरा बदलून घेणार?" त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "बदलून कशापायी? इस्त्री करून. लुगड्याला इस्त्री केली म्हंजे लुगडं दुसऱ्याचं हुतं का?"

क्लिनिकमधली डॉक्टर तुमच्या ताईएवढी होती. तिनं समजावलं, "आजी, या लहरींनी त्वचेचा आतला थर गरम होतो. मग शरीर स्वतःच नवं कोलॅजन तयार करतं आणि त्वचा थोडी आवळते."

"म्हंजे वरून काय लावायचं न्हाई, आतून शिजवायचं."

"शिजवायचं नाही आजी, शेकायचं."

"हां, भाकरीवानी. पापुद्रा आला पायजे, पन करपाय नको."

डॉक्टर म्हणाली, "अगदी तसंच," आणि मला वाटतं, पुढच्या पेशंटना ती हेच सांगत असणार. मुलगी प्रामाणिक होती. या वयात फरक थोडाच दिसेल, तोही हळूहळू, आणि तो कायमचा टिकणार नाही, हे तिनं स्वच्छ सांगितलं. वन्सं म्हणाल्या, "टिकवायचा कुनाला? फोटू निघूपतूर ऱ्हायला म्हंजे झालं." मग तिनं दंड, पोट वगैरेंचंही काही एकत्र करता येईल म्हणून एक छापील कागद पुढे केला. वन्संनी तो न बघताच परत सरकवला. "गळ्यापतूर करा. त्येच्या खाली हार येतो. हाराखालचं कोन बघतंय?"

"कसला हार, आजी?"

मी इंग्रजीत थोडक्यात सांगितलं. मुलगी एकदम गंभीर झाली आणि तिनं विचारलं, काही मोठा आजार आहे का, हृदयात पेसमेकर वगैरे काही बसवलं आहे का. "काळजात काय बी बसवलेलं न्हाई," वन्सं म्हणाल्या, "हाय त्ये मूळचंच हाय." जाता जाता त्यांनी एक शेवटचा प्रयत्न केला. फोटो उजवीकडून काढायचा आहे, तर उजवाच गाल करा. डॉक्टरनं ते मात्र मानलं नाही.

मग काही महिने वन्सं नगरला येत राहिल्या. कानातल्या कुड्या काढून माझ्या मुठीत द्यायच्या, गालाला थंडगार जेल लावून घ्यायचं आणि डोळे मिटून पडायचं. मशीनची गोल बुडाची मूठ गालावरून फिरायला लागली की इस्त्रीवाल्याला सांगावं तशा सूचना द्यायच्या. "कानामागं ऱ्हायलं. हितं एक चुनी हाय बघ, तिच्यावर जरा दाब." ऊब लागली की त्यांना झोप लागे, आणि घोरताना गाल हलत म्हणून मशीन थांबवावं लागे. उन्हापासून जपा असं डॉक्टरनं सांगितल्यावर त्या उसाच्या फडात छत्री घेऊन जायला लागल्या. श्रीगोंद्याच्या उसात छत्री हा नवीनच प्रकार होता. तोडणीवाल्या बायका एकमेकींना हाक मारून दाखवत, "मालकीनबाई नाटकात जात्यात जनू!" फरक पडला का, असं तुम्ही विचाराल. हनुवटीची रेघ थोडी उजळली होती, किंवा त्या दिवशी आमच्या खिडकीतला उजेड चांगला होता. मी "थोडा" म्हटलं, आणि तेवढ्यावर त्या इतक्या खूष झाल्या की त्यांना हसू आलं.

आणि तिथंच त्यांनी ते आवरलं. हसू नका असं डॉक्टरनं सांगितलेलं नव्हतं. हा शोध वन्संचा स्वतःचा. "इस्त्री केल्यालं कापड कुनी चुरगाळतं का, वहिनी?" हसलं की घड्या परत पडणार, म्हणून हसणं बंद. कपाळाला आठ्या नकोत म्हणून रागावणंही बंद. सुनांना आधी बरं वाटलं, मग भीती वाटायला लागली. दूध उतू गेलं तरी सासूबाई नुसत्या शांतपणे बघतात, हे त्यांना सहन होईना. शेवटी दाजी स्वतः नगरला आले. हा माणूस जन्मभर बायकोच्या हसण्यानं म्हशी बुजतात म्हणून कुरकुरत आला. त्यांनी चहा घेतला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "वहिनी, हिला काय झालंय? घर कसं भाड्यानं दिल्यागत वाटतंय. परवा मी मुद्दाम पायरीवरनं घसरलो, तरी हसली न्हाई. मलाच लागलं नुसतं."

मी वन्संना फोन केला. त्या म्हणाल्या, "फोटू निघू द्या. मंग हसंन हवं तेवढी."

फोटो निघाला. नगरच्या स्टुडिओत, हिरव्या रेशमी लुगड्यात, उजवीकडून. चेहरा गुळगुळीत, ओठ मिटलेले, नजर दूर. एखाद्या न्यायाधीशानं शिक्षा सुनावण्याआधी बघावं तशी. वन्संना तो पसंत पडला. मुलं घाईत काय करतील याचा नेम नाही, म्हणून त्या स्वतःच फोटो घेऊन श्रीगोंद्याच्या फ्लेक्सवाल्याकडे गेल्या आणि मजकूर बसवून घेतला. पुढारी नकोत. कबुतरं नकोत. समयांच्या ज्योती पदरापासून लांब घ्या, बघून जीव घाबरतो. आणि तारखेची जागा तेवढी मोकळी ठेवा. फ्लेक्सवाला वयानं पोक्त माणूस, पण असं गिऱ्हाईक त्यानंही पाहिलं नव्हतं. त्यानं सगळं कॉम्प्युटरवर जपून ठेवलं. एवढं झालं तरी वन्सं हसायला लागल्या नाहीत. कुठे फोटो बिघडला, परत काढायची वेळ आली तर, ही तयारी!

पुढे त्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण व्हायची होती. मुलांनी ठरवलं, आईला न सांगता चौकात वाढदिवसाचा मोठा फ्लेक्स लावायचा. थोरल्यानं आदल्या संध्याकाळी फ्लेक्सवाल्याला फोन केला. आई शेजारच्याच खोलीत होती म्हणून आवाज अगदी खाली घेऊन तो म्हणाला, "आईचा मोठा फ्लेक्स लाव उद्या. फोटू तर तुझ्याकडं हायच म्हनं." फ्लेक्सवाल्यानं काही विचारलं नाही. असल्या वेळी खोदून विचारू नये एवढं तारतम्य त्याला धंद्यानं शिकवलं होतं. त्यानं जड मनानं तारखेची मोकळी जागा भरली.

सकाळी मी तिथंच होते. वाढदिवसाला म्हणून आदल्या दिवशी गेले होते. पुरण शिजत होतं. वन्सं दारात रांगोळी काढत होत्या, आणि गल्लीतली एक बाई डोक्यावर पदर घेऊन, हातात फडक्यात बांधलेली पिठलं-भाकरी घेऊन मुसमुसत आली. आमच्याकडे ज्या घरात कुणी जातं त्या घरची चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भाकरी पोचवतात. वन्सं मान वर करून म्हणाल्या, "अगं, आज आमच्याकडं पुरन हाय, पिठलं कशाला आनलंस?" ती बाई भाकरीसकट खाली बसली. "काकी... तुमी... चौकात..." एवढंच तिला बोलता आलं. तिच्यामागून दुसरी आली, तिसरी आली. थोड्याच वेळात ओट्यावर भाकरीचा ढीग झाला आणि आत दाजी फोनवर कुणाला तरी समजावत होते, "न्हाई, न्हाई, हाय ती. हितंच हाय, रांगोळी काढती. देऊ का तिच्याकडं?"

मुलांची तोंडं पाहण्यासारखी झाली होती. धाकटा फ्लेक्स फाडायला निघाला. वन्संनी त्याला दारातच अडवलं. "हात लावायचा न्हाई! मला आदी बघू दे." छत्री घेतली, मला घेतलं आणि निघाल्या. मागून दाजी, मागून भाकरी आणलेल्या बायका.

चौकात फ्लेक्सवाला हात जोडून उभा होता. वन्संनी त्याच्याकडे बघितलंच नाही. त्या आपल्या फ्लेक्ससमोर तशाच उभ्या राहिल्या, जशा जाऊबाईंच्या समोर उभ्या राहत. समया लांब होत्या. पुढारी नव्हते. सगळं मनासारखं होतं. बराच वेळ बघून त्यांनी हलक्या आवाजात मला विचारलं, "वहिनी, ही बाई कोन वो?"

मलाही ती ओळखीची वाटत नव्हती.

फ्लेक्सवाला चाचरत म्हणाला, "काकी, चेहरा जरा मऊ केलाय कॉम्प्युटरवर. सुरकुत्या काढल्यात. सगळ्यांच्याच काढतो मी. गेलेल्या मानसाला तेवढं करावं म्हनून."

"सगळ्यांच्या?"

"व्हय. लगीच हुतं, एक बटन असतंय."

"म्हंजे न शेकता बी झालं असतं?"

"शेकायचं काय त्यात?" फ्लेक्सवाल्याला काही कळेना.

वन्संनी एकदा फ्लेक्सकडे पाहिलं, एकदा आपल्या छत्रीकडे, एकदा माझ्याकडे. त्यांच्या हनुवटीपाशी काहीतरी हललं. मग इतके महिने कोंडलेलं सगळं एकदम बाहेर आलं. छत्री गळून पडली आणि माझ्या डाव्या खांद्यावर तो हात पडला, धप्पकन. त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, गाल थरथरत होते, आणि ज्या ज्या घड्या इस्त्रीनं मोडल्या असं आम्ही मानत होतो त्या सगळ्या आपापल्या जागी परत आल्या. भाकरीवाल्या बायका हसायला लागल्या. फ्लेक्सवालाही भीत भीत हसला. आणि दाजींनी, ज्यांनी जन्मात धड फोटो काढलेला नाही, खिशातून मोबाईल काढला आणि बटण दाबलं.

फोटो वाकडा आहे. चौक एका बाजूला कलला आहे, वरच्या कोपऱ्यात फ्लेक्सवरचा गुळगुळीत गाल तेवढा आला आहे, माझं तोंड उघडं आहे आणि वन्संचे डोळे सुरकुत्यांत पार बुडाले आहेत. दुपारी पुरणपोळी आणि पिठलं-भाकरी एकाच पंगतीत वाढताना दाजींनी तो त्यांना दाखवला. त्यांनी मोबाईल लांब धरला, मग जवळ धरला. "हिला मी वळखते," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं, दुसरीकडे बघत, म्हणाल्या, "आईचा असला एक वाकडा तरी फोटू असता, तर..." आणि पोळीवर तूप ओतायला लागल्या.

न्यायाधीशीणबाईंचा फोटो त्यांनी फ्लेक्सवाल्याला समोर बसून पुसायला लावला. वेळ येईल तेव्हा हा वाकडाच लावायचा असं ठरलं आहे, आणि त्याची जबाबदारी मुलांवर न टाकता माझ्यावर टाकली आहे. मी म्हटलं, "वन्सं, मी तुमच्यापेक्षा मोठी आहे. तुमच्या वेळेला मी असेन का?" त्यावर तयारीत कधी न चुकणाऱ्या या बाईंचं उत्तर तयार होतं. "मंग नातवंडांकडं धाडा. ती लांब हायती. त्येंच्याकडं कोन घाई करनार?"

म्हणून तो तुम्हाला पाठवते आहे. जपून ठेवा, सरळ करायला जाऊ नका आणि ते बटण दाबू नका. ती वेळ लवकर येईल असं वाटत नाही. त्या परवाच येऊन गेल्या, माझा खांदा अजून दुखतो आहे. पण माझी वेळ आधी आली, तर माझ्यासाठी वेगळा फोटो शोधत बसू नका. याच्यातूनच मला काढा. कापताना माझ्या डाव्या खांद्यावर एक हात राहील. तो तसाच राहू द्या. आणि कुणी विचारलंच, तर तो कुणाचा आहे ते सांगा.